धाकटा भाऊ वनरक्षक झाला आहे. या नोकरीत नेमकं काय असतं?

मृण्मयी_वर्धा

नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ यंदा वनरक्षक म्हणून लागला. बारावी सायन्स झाल्यावर बाबांसोबत शेती करत तीन वर्षं भरतीच्या मागे होता. लेखी झाली, धावणं झालं, शेवटी ४ तासांत २५ किलोमीटर चालायची परीक्षा. त्या दिवशी घरी आला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते आणि तोंडभर हसू. गावात पेढे वाटले.

आता चंद्रपूर जिल्ह्यात बफरमधलं, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या जंगलपट्ट्यातलं, एक बीट मिळालंय. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं आहे. प्रशिक्षण नंतर लागेल म्हणतात.

परवा रात्री आईने मला हळूच विचारलं, "तिथे एकट्याने फिरावं लागते का गं?" तिला वनरक्षक स्वाती ढुमणेंची बातमी अजून पाठ आहे. नोव्हेंबर २०२१, ताडोब्यात कोलाऱ्याकडे, वाघ मोजायच्या कामावर असताना वाघिणीने नेलं. आईने तेव्हा ते कात्रण फडताळात ठेवलं होतं, का ते तिलाच माहीत. आता पोराची ऑर्डरही त्याच फडताळात आहे.

मला आईला खरं उत्तर द्यायचं आहे. उगाच धीर नको आणि भीतीही नको. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया लिहा. काम काय असतं, धोका कुठून येतो, आणि सोबत काय द्यावं?

---

जुना_बीटगार्ड

ताई, भावाचं मनापासून अभिनंदन. मी ३३ वर्षं नोकरी करून वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यातली १९ वर्षं बीटवर काढली. आईंना सांगा, फिरावं लागतं. पायीच फिरावं लागतं. एकट्याने फिरू नये असा दंडक आहे, पण माणसं कमी पडली की तो मोडतो. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

बीट म्हणजे नियतक्षेत्र, एका वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा भाग. त्यातला प्रत्येक कक्ष, प्रत्येक नाला, पाणवठा, हद्दीचा बुरूज, झाडाचं एकेक थुट तुमच्या भावाच्या नावावर. एखादं सागाचं झाड तुटलं तर पहिला प्रश्न त्यालाच. वाघ मेला तरी त्यालाच, आणि वाघाने माणूस मारला तरी गावात सगळ्यात आधी उभं राहायचं त्यालाच.

वर्ष ऋतूंवर चालतं. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचे दिवस. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधी जाळून साफ करायच्या. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर नजर, कारण पाणी कमी झालं की जनावर ठरलेल्या जागी येतं आणि शिकारीही तिथेच येतो. पावसाळ्यात रोपवन. पर्यटन बंद असतं तेव्हा लोकांना वाटतं जंगल खातं झोपलं, पण आमची खरी गस्त तेव्हाच. चिखलात गाडी जात नाही, नाले भरतात, पायात मोजे चार-चार दिवस सुकत नाहीत. हिवाळ्यात गणना, कॅमेरे लावणं, विष्ठा-पाऊलखुणांची नोंद. हल्ली एम-स्ट्राइप्स नावाचं अ‍ॅप आहे, फोनमध्ये तुम्ही चाललेली वाट उमटते. आमच्या वेळी साहेबांना डायरीवर विश्वास ठेवावा लागे.

आता धोक्याचं. लोक वाघाचं विचारतात. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तारेची.

जानेवारीची रात्र होती. मी आणि एक वनमजूर, शेताच्या कडेने ११ केव्हीच्या लाइनखालून निघालो होतो. ही लाइन जंगलातून जाते तिथे शिकारी आकडा टाकतात. फूट-दीड फूट उंचीच्या बांबूच्या खुंट्या ठोकून त्यावर साधी बांधायची उघडी तार ओढतात, जनावराच्या वाटेवर आडवी. रात्री दिसत नाही. डुक्कर, चितळ, वाघ, माणूस, तार कोणालाच ओळखत नाही. मजूर माझ्या पुढे होता, पायात रबरी चप्पल. तो अचानक थांबला आणि हात मागे करून माझ्या छातीला लावला. मला काहीच दिसलं नव्हतं. त्याला वास आला होता. ओलं गवत जळतं ना, तसा बारीक वास. बॅटरी मारली तर चार हातांवर तार, आणि जिथे दवाने ओलं झालेलं गवत तारेला टेकलं होतं तिथे काळी रेघ. आम्ही पाऊल मागे घेतलं, वीज कंपनीच्या माणसाला फोन लावला, लाइन बंद होईपर्यंत दोन तास तिथेच उभे राहिलो, कारण आम्ही हललो असतो आणि पहाटे कोणी पाण्याच्या पाळीला आला असता तर तो गेला असता.

त्या मजुराला त्या काळात रोजाने पैसे मिळायचे, आणि तेही दोन-दोन महिने उशिरा. माझा पगार बँकेत जमा व्हायचा. हे मी कधी विसरलो नाही.

भावाला पहिला सल्ला हाच. बीटवर जो जुना वनमजूर असेल त्याला गुरू माना. वर्दी तुमच्या अंगावर असेल, पण जंगल त्याच्या अंगात आहे.

---

सातपुडी

मी मेळघाटात वनरक्षक आहे, सातवं वर्ष. काकांनी तारेचं लिहिलंय ते आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे लोखंडी जबड्याचे सापळेही निघालेत. बाहेरच्या टोळ्या येऊन वाघाच्या वाटेवर मातीत पुरून ठेवायच्या. त्यामुळे आम्ही पाणवठ्याजवळ काठीने जमीन टोचत चालतो, संशय आला की मेटल डिटेक्टर फिरवतो. पाय आपलाही त्यातच जाऊ शकतो, हे डोक्यात कायम असतं.

स्वातीताईंबद्दल लिहायलाच हवं, कारण ते काम मीही करते. दर चार वर्षांनी अखिल भारतीय व्याघ्रगणना होते. आधी तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणांसाठी चालायचं, मग तृणभक्षींसाठी ट्रान्झेक्ट, म्हणजे आखून दिलेली २ किलोमीटरची सरळ रेषा, सकाळीच, कारण जनावर तेव्हाच हलतं. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, २०१८ ला ३१२ होते. पेपरात हे आकडे येतात तेव्हा मला ती रेषा दिसते. त्या प्रत्येक आकड्याखाली कोणीतरी दव पडलेल्या गवतातून चालत गेलेलं असतं.

त्या दिवशी स्वातीताईंसोबत तीन वनमजूर होते. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. बराच वेळ थांबले, ती उठेना, म्हणून बाजूच्या दाट जंगलातून वळसा घेतला. त्या सगळ्यात मागे होत्या. आम्ही कितीदा असंच केलंय! काम त्याच दिवशी पूर्ण व्हायला हवं असं वाटतं, कोणाला ओरडून घ्यायचं नसतं. त्या घटनेनंतर ताडोब्यात काही काळ पायी सर्वे थांबवला होता. आमच्या टीमने तेव्हा आपसात एक ठरवलं, ते आजपर्यंत पाळतो: वाटेवर वाघ बसला असेल तर आल्या वाटेने परत. वळसा नाही. रेषा उद्याही तिथेच असते.

भावाला हे नक्की सांगा, कारण नव्या माणसाला परत फिरायची लाज वाटते.

वाघ बहुतेक वेळा तुम्हाला आधी पाहतो आणि निघून जातो. माझ्या सात वर्षांत मला अस्वलाने जास्त घाबरवलंय. एप्रिलमध्ये मोह गळतो, पहाटे अस्वल झाडाखाली फुलं खात असतं, नाक खाली, त्याला आपली चाहूल लागत नाही आणि आपल्याला ते काळ्या दगडासारखं दिसतं. अगदी जवळ गेल्यावर दोघंही दचकतात. ते सरळ तोंडावर येतं. आमच्याकडे असे चेहरे आहेत गावात. म्हणून आम्ही मोहाच्या दिवसांत बोलत, काठी आपटत जातो. इतर वेळी गप्प. वानर खाकरलं, सांबराने कॉल दिला की थांबायचं, कोणत्या दिशेला तोंड करून ओरडतंय ते बघायचं. हे कोरकू मजुरांनी शिकवलं, चिखलदऱ्याच्या ट्रेनिंगमध्ये अर्धं कळलं होतं.

बाई म्हणून वेगळं काय, तर कुटीत, म्हणजे जंगलातल्या आमच्या मुक्कामाच्या खोलीत, आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांत २० किलोमीटर, मूल परतवाड्यात आईकडे. आणि कामाच्या ठिकाणचा मानसिक ताण. मार्च २०२१ मध्ये हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण मॅडमनी आत्महत्या केली. त्यावर इथे जास्त लिहायचं बळ नाही माझ्यात. पण तुमचा भाऊ मुलगा आहे म्हणून त्याला ताण येणार नाही असं समजू नका. आठवड्यातून एकदा तरी त्याला विचारा, "काम कसं आहे" असं नको, "तू कसा आहेस" असं.

---

धानाचा_बांध

मी सिंदेवाही तालुक्यातला. धान लावतो, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतो. इथं समदे गार्डाचंच बोलून रायले म्हनून लिवतो. राग मानू नका.

१० मे २०२५ ले आमच्या तालुक्यात तेंदू तोडाले गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या वाघाच्या तोंडी. तीन. घरी लेकरं. लोक म्हनतात जंगलात जाताच कायले? तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसाचा, त्यात मिरते तेवढ्यात खत-बियानं, पोराईच्या वह्या. नाई गेलो तर काय खावाचं? गार्ड सांगते सकारी अंधारात जाऊ नका. पाना तर सकारीच तोडा लागते, ऊन चढलं का मानूस टिकत नाई.

आता एक गोष्ट सांगतो. त्याच्या आधी एका साली आमच्या बाजूच्या गावात गुराखी गेला. लोकं जमले तीन-चारशे. गार्ड आला, पोरगाच होता, पंचवीसेक वर्साचा. पंचनामा होयेपर्यंत देहाजवड उभा. लोकाईनं शिव्या देल्या, एकानं गचांडी धरली, मोटारसायकल पाडली. मी बी तोंडानं बोललो त्याले, खोटं नाई सांगत. तो काईच नाई बोलला. संध्याकारी सामसूम झाल्यावर मी पाह्यलं, तो गाडीच्या मांगं बसला होता, पान्याची बाटली उघडत होता आन् त्याच्यानं झाकन फिरत नोव्हतं. हात असे थरथरत होते. मी जाऊन झाकन उघडून देल्लं. तो म्हने, "भाऊ, सकारी ह्या दादासोबत मी चहा पेलो होतो."

माहा राग अजून गेला नाई. वाघ पकडाले वेर लागते, पैसे मिराले वेर लागते, आन् गेलेला मानूस पंचवीस लाखानं वापस येत नाई. पन तो राग त्या पोरावर काढाचा नोव्हता. तुमचा भाऊ आमच्याच बाजूले येत असन तर त्याले सांगा, पयलं काम गावात जाऊन बसाचं. लगनाले, मयतीले, मंडईले जावाचं. ज्याच्या घरी चहा पेलाय त्याची गचांडी लोकं लवकर धरत नाई.

---

जुना_बीटगार्ड

धानाचा_बांध भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्यावर राग कसला. मी तो पोरगा होतो, वेगवेगळ्या गावांत, चार-पाच वेळा.

माणूस गेला की आमच्या खात्याच्या माणसाला एकाच वेळी तीन कामं पडतात. देहाची विटंबना होऊ द्यायची नाही. वाघ जवळच असतो, कारण भक्ष्य सोडून तो लांब जात नाही, म्हणजे गर्दीलाही वाचवायचं. आणि त्याच गर्दीपासून स्वतःलाही. हातात काठी. पोलीस येईपर्यंत तास-दोन तास. पिसाळलेल्या वाघापेक्षा तो वेळ मला कठीण वाटला, कारण समोरची माणसं चुकीची नसतात.

म्हणून गावातल्या तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं जिथे नीट चालतात तिथे फरक पडतो. आपल्याच गावचा पोरगा "मागे सरका रे" म्हणाला की लोक सरकतात.

---

ऊसपट्टा_जुन्नर

आमच्याकडे वाघ नाही, बिबट्या. पण गर्दीचं अगदी सेम.

मी खात्यात नाही. रेस्क्यूला हाक आली की आम्ही गावातली पाच-सहा पोरं जातो. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. तोडणी कामगार घाबरून काम थांबवतात. मग वनरक्षक येतात, पिल्लं तपासली जातात, आणि संध्याकाळी त्याच जागी भाजीच्या क्रेटमध्ये ठेवतात. जागा बदलली तर आई शोधत गावात शिरते. कॅमेरा लावतात आणि लांब गाडीत दिवे बंद करून बसतात. एकदा मी होतो. साडेआठच्या सुमाराला मादी आली, क्रेटला पंजा मारून आडवं केलं, एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. दोन फेऱ्या. माझ्या शेजारच्या वनरक्षकाने तोपर्यंत श्वासच धरला होता बहुतेक, दुसरं पिल्लू गेलं तेव्हा त्याचा आवाज आला.

विहिरीत पडलेला बिबट्या काढताना आधी बाज दोरांनी सोडतात, तो तिच्यावर चढून दम खातो, मग पिंजरा सोडतात. बिबट्या शांत असतो. वर काठावर दोनशे माणसं मोबाईल घेऊन वाकलेली असतात. विहिरीला कठडा नसतो. मला प्रत्येक वेळी वाटतं आज बिबट्या वाचेल आणि माणूस पडेल.

पण हेही सांगितलं पाहिजे की लोकांचं दुःख खोटं नाही. २०२५ च्या शेवटी शिरूर तालुक्यात पिंपरखेडला एकामागून एक जीव गेले, लहान मुलंही. लोकांच्या संतापात वन विभागाची गाडी जळाली. त्या गाडीत फिरणाऱ्या पोरांनीच आधीच्या रात्री जागून पिंजरे लावलेले असतात, आणि ज्याचं मूल गेलं त्याला ते दिसणार तरी कसं?

---

सत्तरीकार

गोंयचो हांव, सत्तरी तालुक्यातला. मराठीत लिहितो, शाळा मराठीतच झाली.

आमच्याकडे म्हादई अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. त्याने वाघ आहेत की नाहीत हा वाद एकदाचा संपला, पण कशा पद्धतीने संपला बघा.

मला आगीबद्दल सांगायचंय. मार्च २०२३ मध्ये म्हादईत आणि आजूबाजूच्या डोंगरांवर ठिकठिकाणी आगी लागल्या, कित्येक दिवस चालल्या. नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. खाली जे चालत जात होते ते कोणी दाखवलं नाही. आमच्या वाड्यावरून दोन गार्ड आणि गावची सात माणसं पहाटे वर गेली. पाठीवर पाण्याचे कॅन, हातात कोयते आणि ओल्या फांद्या. उभा चढ, खाली वाळकं पान घोट्याच्या वर. मी मागून जेवण घेऊन गेलो. आग आवाज करते हे मला तेव्हा कळलं. लांबून धूर दिसतो, जवळ गेलं की बांबू फुटतो तो बंदुकीसारखा. वारा फिरला की ती उताराने वर धावते, माणसापेक्षा जलद. एक गार्ड सारखा ओरडत होता, "वर पळू नका, आडवे जा, जळालेल्या बाजूला या!" जळून काळी झालेली जमीनच तेवढी सुरक्षित. बुटाचा सोल त्याचा निघून आलेला, सुतळीने बांधला होता.

---

जुना_बीटगार्ड

सत्तरीकार, त्या गार्डने अगदी बरोबर सांगितलं. ताई, भावाला हे पाठ करायला सांगा: आग असेल तर जळालेल्या जागेत शिरायचं, चढाकडे पळायचं नाही.

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर गेले, आणखी दोघं भाजले. आग आटोक्यात येतेय असं वाटत असतानाच वाऱ्याने घात होतो. आता पाला बाजूला सारायला ब्लोअर मिळालेत, आमच्या वेळी डहाळ्याच होत्या. पण ब्लोअर पाठीवर असतो तेव्हा त्याच्या आवाजात मागून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि पेट्रोलची टाकी पाठीलाच असते. त्यामुळे ब्लोअरवाल्यासोबत एक माणूस फक्त बघायला ठेवायचा.

आग लागते का? मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं चांगली फुटावीत म्हणून जाळतात, कधी निव्वळ बिडी. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी झाडून घ्या, हिरवी जाळी अंथरा, हे प्रत्येक घरी जाऊन सांगणं हे आग विझवण्यापेक्षा मोठं काम आहे. त्याचा कुठे फोटो निघत नाही.

दरवर्षी ११ सप्टेंबरला राष्ट्रीय वन हुतात्मा दिन असतो. राजस्थानात खेजडलीला १७३० मध्ये अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई झाडांसाठी गेले, त्यांच्या स्मरणाचा दिवस. मी नोकरीत असताना दरवर्षी उभा राहिलो आणि दरवर्षी एकच वाटलं. वर्दीतल्या माणसाचं नाव घेतो तेवढ्याच मोठ्या आवाजात रोजंदारीवर गेलेल्या माणसाचंही नाव घ्यावं. तोही त्याच आगीत गेला.

---

किर्र_रान

मध्येच विचारतो, वनरक्षकांना बंदुका का देत नाहीत? नुसत्या काठीवर कसं भागणार?

---

जुना_बीटगार्ड

व्याघ्र प्रकल्पांत विशेष व्याघ्र संरक्षण दल आहे, त्यांच्याकडे शस्त्रं असतात. साध्या बीटगार्डकडे काठी, शिट्टी, बॅटरी. वाघ, अस्वल येतं तेव्हा एक-दोन सेकंद मिळतात, बंदुकीचा उपयोग फारसा नाही. सागवान चोरांच्या टोळीपुढे एकटा बंदूकवाला आणखी अडचणीत, आधी बंदूकच हिसकावतात. मला विचाराल तर बंदुकीआधी वायरलेस चालू हवा, सोबत दुसरा माणूस हवा आणि रात्री गाडीत डिझेल हवं.

आणि चोर पकडल्यावरचं काम कोणी सांगत नाही. प्राथमिक गुन्हा रिपोर्ट, म्हणजे पीओआर, तिथेच फाडायचा. पंच, जप्ती, मुद्देमालाला सील, मोजमाप. एक तारीख चुकली की पाच वर्षांनी कोर्टात आरोपी सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच बीटवर तुम्हाला रामराम घालतो. मी असा रामराम घेतलाय. तेव्हापासून पंचनामा रात्रीचा असला तरी अक्षर सुवाच्य काढायचो.

---

सातपुडी

किर्र_रान, जमिनीवरचे वाद बंदुकीने मिटत नाहीत हेही आहे. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या अकोट बाजूला पुनर्वसन झालेले गावकरी परत जंगलात आले तेव्हा संघर्ष झाला, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. ज्यांच्यासोबत जेवलो त्यांच्यासमोर उभं राहावं लागणं हे फार वाईट. त्यांच्या मागण्या वरच्या पातळीवरच्या होत्या. दगड खालच्या माणसाला लागले, आणि लाठीही खालच्याच माणसाला.

---

रानजाई

मी वनरक्षकाची बायको. फार लिहिता येत नाही, एवढंच सांगते.

त्यांच्या कुटीत रेंज नाही. रोज संध्याकाळी एका टेकडीवर चढून फोन करतात. सात वाजता फोन आला नाही की मी भाजीला फोडणी देत नाही, तसाच गॅस बंद करून बसते. एकदा रात्री अकरा वाजले. नाल्याला पूर होता आणि पलीकडे अडकले होते. त्या दिवसापासून शेजारच्या बीटच्या गार्डचा, वनपालांचा आणि नाक्यावरच्या चौकीदाराचा असे तिन्ही नंबर मी भिंतीवर लिहून ठेवले. ताई, तुमच्या आईसाठी हे आत्ताच करा.

आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन सगळ्यात जवळच्या कोणत्या दवाखान्यात असतं, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यायला सांगा. कुटीत खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि चावल्याचं कळतसुद्धा नाही.

---

मृण्मयी_वर्धा

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री जेवण झाल्यावर मी हा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. भाऊही बसला होता. धानाचा_बांध दादांचं वाचताना तो उठून अंगणात गेला. थोड्या वेळाने आला आणि म्हणाला, "पुढचं वाच."

आईने दोनच प्रश्न विचारले. मण्यारीचा एक. आणि दुसरा, "त्या मजुराच्या पायात चपला का होत्या?"

रानजाई ताई, नंबर भिंतीवर लागलेत.

(आठ दिवसांनी) हजर होऊन आला. कुटीला त्याच्यासोबत एक जुने वनमजूर काका आहेत, २२ वर्षं त्याच जंगलात. पहिल्या दिवशी भाऊ त्यांच्या पाया पडला, ते ओशाळले म्हणे. निघताना कुटीच्या वहीत लिहितात, कोण कोण, कोणत्या कक्षात, किती वाजेपर्यंत परत. तिसऱ्या दिवशी वाटेत ताजे पगमार्क दिसले, काकांनी काही न बोलता परत फिरवलं. भाऊ म्हणाला, "ताई, मला मनातून पुढे जायचं होतं." मग सातपुडी ताईंचं आठवलं म्हणे.

आईने पैसे काढून दिलेत, दोन जोड बूट आणायला. एक त्याला, एक काकांना. काकांचा पाय आठ नंबरचा. कोणते घ्यावेत? गमबूट चालतील का?

---

जुना_बीटगार्ड

गमबूट नका घेऊ. उन्हात पाय शिजतो, आणि चालताना आवाज होतो. पोटरीपर्यंत येणारे कॅनव्हासचे हंटर शूज घ्या, तळ रबरी खाचांचा. मोजे जाड लागतात, म्हणून आठचा पाय असेल तर नऊ नंबर. दोन-दोन जोड मोजे जास्तीचे. ज्यांनी जन्मभर चप्पल घातली त्यांना टाच लागते, तेव्हा पहिले चार दिवस घरीच घालून फिरायला सांगा.

---

धानाचा_बांध

आन् लेस जास्तीची बांधून देजा. काटेरीत तुटते.